ओडीची लिमिट ओलांडली म्हणून बँकेने चार्जेस लावले? आधी हिशोब मागा

ओव्हरड्राफ्ट (ओडी) किंवा कॅश क्रेडिट (सीसी) खातं, म्हणजे ठरलेल्या लिमिटपर्यंत हवे तेव्हा पैसे उचलता येणारं कर्जखातं, पहिल्यांदाच घेतलेल्या माणसाला वर्षभरात कधीतरी स्टेटमेंटमध्ये एक अनोळखी ओळ दिसते. ‘पेनल चार्जेस’, ‘ओव्हरड्यू चार्जेस’, ‘एक्सेस ओव्हर लिमिट’ असं काहीतरी त्यात लिहिलेलं असतं. रक्कम कधी पाचशे, कधी आठशे, तर मोठ्या लिमिटच्या खात्यात पाच-सात हजारही असते. आपण शाखेत विचारायला जातो आणि उत्तर मिळतं, “ते सिस्टिमनेच लावलंय, आमच्या हातात काही नाही.” बहुतेक लोक इथेच परत फिरतात.

तुम्ही परत फिरू नका. सिस्टिममध्ये नियम कुणीतरी भरलेला असतो. तो तुमच्या करारात आहे का आणि त्याप्रमाणे हिशोब बरोबर झाला आहे का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. घरच्या व्यवसायाचं सीसी खातं मी बरीच वर्षं सांभाळतो आहे. पहिली दोन वर्षं असे चार्जेस मी मुकाट्याने भरत राहिलो, कारण बँकेचा आकडा चुकू शकतो हे कधी मनातच आलं नाही. एकदा कागद घेऊन बसलो आणि लक्षात आलं की बँकेने दंड भलत्याच रकमेवर लावला होता. ते पैसे परत मिळाले. तेव्हा जे शिकलो ते इथे क्रमाने लिहितो आहे.

आधी कागद जमवा

भांडायला जाण्याआधी तीन कागद हाताशी हवेत. पहिलं मंजुरीपत्र, म्हणजे सँक्शन लेटर. ओडी किंवा सीसी मंजूर करताना बँक ते देते आणि आपण सही करून फाइलला लावून विसरून जातो. दुसरा कर्जाचा करार आणि त्यासोबतच्या मुख्य अटी. तिसरं, ज्या महिन्यात चार्ज लागला तो महिना आणि त्याच्या आधीचे दोन महिने असं खात्याचं पूर्ण स्टेटमेंट. मोबाइल अ‍ॅपवरचं छोटं स्टेटमेंट चालणार नाही, कारण त्यात रोजची शिल्लक दिसतेच असं नाही. कराराची प्रत तुमच्याकडे नसेल तर शाखेत अर्ज देऊन मागा. ती मागण्यात संकोच वाटण्यासारखं काहीच नाही, सही तुमची आहे.

मंजुरीपत्रात चार गोष्टींवर खूण करा. लिमिट किती आहे, ती कधीपर्यंत आहे, ड्रॉइंग पॉवर (माल आणि येणी पाहून प्रत्यक्षात उचलता येणारी रक्कम) कशी काढायची, आणि लिमिटपेक्षा जास्त रक्कम उचलली तर काय लागेल. चौथ्या मुद्द्याचं वाक्य शब्दशः उतरवून घ्या. पुढची सगळी लढाई त्या एका वाक्यावर चालते.

लिमिट कुणामुळे ओलांडली?

खातं लिमिटबाहेर गेलं म्हटलं की आपण स्वतःलाच दोष देतो. खरं तर ते तीन वेगवेगळ्या वाटांनी जातं आणि प्रत्येक वाटेला उत्तर वेगळं आहे.

एक वाट सरळ आहे. तुम्ही चेक दिला, किंवा एखादा हप्ता नॅचने, म्हणजे खात्यातून आपोआप, गेला, आणि लिमिट संपलेली असतानाही बँकेने तो पास केला. इथे बँकेने तुमचं काम अडवलं नाही. त्याबद्दल करारात लिहिलेलं शुल्क लागलं तर ते मुळात अन्याय्य नाही. तपासायचा असतो तो फक्त आकडा.

दुसरी वाट नवख्या माणसाच्या लक्षातच येत नाही. महिनाअखेरीला बँक स्वतः व्याज नावे टाकते, म्हणजे तुमच्या बाकीवर चढवते. कधी विम्याचा हप्ता, स्टॉक तपासणीचा खर्च किंवा नूतनीकरणाची फी नावे पडते. तुम्ही लिमिट जवळजवळ पूर्ण वापरली असेल, तर बँकेच्या या नोंदीनेच खातं वर जातं आणि मग त्याबद्दल बँकच दंड लावते. व्याज वेळेत भरणं ही जबाबदारी आपलीच, हे मान्य आहे. पण न कळवता टाकलेल्या फीमुळे खातं वर गेलं असेल, तर तो दंड मागे घ्यायला सांगणं अगदी रास्त आहे.

तिसऱ्या वाटेत पैसे उचललेलेच नसतात, कॉम्प्युटरमधली लिमिटच खाली आलेली असते. सीसी खात्यात स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे माल, येणी आणि देणी यांचा तक्ता, द्यावं लागतं. साधारणपणे माल आणि येणी मिळवून, त्यातून देणी वजा करून, मग मार्जिन (तुमचा स्वतःचा हिस्सा) कापून ड्रॉइंग पॉवर ठरते. तुम्ही स्टॉक स्टेटमेंट वेळेवर दिलं, पण शाखेत ते कुणी भरलंच नाही, तर ड्रॉइंग पॉवर जुनीच राहते किंवा शून्य होते. लिमिटची मुदत संपली आणि नूतनीकरणाची फाइल बँकेतच पडून राहिली, तरी तसंच होतं. मग तुमची सगळी उचल सिस्टिमला ‘लिमिटबाहेर’ दिसू लागते आणि दंड लागतो तो भल्यामोठ्या रकमेवर. पाच-सात हजारांचे आकडे बहुतेक वेळा इथून येतात. म्हणून स्टॉक स्टेटमेंट आणि नूतनीकरणाचे कागद देताना प्रत्येक वेळी तारखेची पोच घ्या, किंवा ईमेलने पाठवा. पुढे वाद झाला तर ती पोच तुमची सगळ्यात मोठी साक्षीदार असते.

मग आकडा तपासा

इथे थोडा वेळ द्या. बहुतेक तक्रारी या पायरीवरच जिंकल्या जातात.

समजा तुमची लिमिट 5,00,000 रुपये आहे, व्याज 12 टक्के, आणि सप्टेंबरचे तीसही दिवस तुमची उचल 4,97,000 होती. महिन्याचं व्याज होतं सुमारे 4,902 रुपये. ते नावे पडल्यावर बाकी झाली 5,01,902, म्हणजे लिमिटपेक्षा 1,902 रुपये जास्त. तुम्ही नऊ दिवसांनी पैसे भरले आणि खातं लिमिटच्या आत आलं. आता करारात लिहिलं आहे की ‘लिमिटपेक्षा जास्त उचललेल्या रकमेवर द.सा. 2 टक्के दंडात्मक शुल्क’. तर हिशोब असा होतो: 1,902 रुपयांवर 2 टक्क्यांनी नऊ दिवसांचे 94 पैसे.

हो, एक रुपयासुद्धा होत नाही. आता समजा हाच दर पूर्ण बाकीवर आणि पूर्ण महिन्यासाठी लावला. 5,01,902 रुपयांवर 2 टक्क्यांनी तीस दिवसांचे होतात 825 रुपये. अट तीच आहे, खातंही तेच आहे, पण एका हिशोबात 94 पैसे येतात आणि दुसऱ्यात 825 रुपये. स्टेटमेंटवर मात्र यातलं काहीच दिसत नाही, नुसती एक रक्कम दिसते. म्हणून बँकेला विचारायचे प्रश्न तीनच: कोणत्या रकमेवर, किती दिवसांसाठी, कोणत्या दराने?

हिशोब वहीत करा किंवा एक्सेलमध्ये करा. तारीख, दिवसअखेरची बाकी, त्या दिवशीची लिमिट किंवा ड्रॉइंग पॉवर, आणि त्यापेक्षा जास्त असलेली रक्कम असे चार रकाने पुरतात. खातं लिमिटबाहेर होतं तेवढ्याच दिवसांच्या ओळी लिहा. ओळी सहसा दहा-बाराच निघतात.

करारात टक्केवारीऐवजी ठरावीक रक्कम असेल, उदाहरणार्थ ‘प्रत्येक वेळी 500 रुपये’, तर एकाच प्रसंगासाठी ती दोनदा तर लागली नाही ना, एवढं पाहा. शुक्रवारी खातं वर गेलं आणि सोमवारी खाली आलं, तर तो एकच प्रसंग झाला. बँकेने तीन दिवसांचे तीन धरले असतील तर करारातलं वाक्य पुढे करा.

रिझर्व्ह बँकेचं म्हणणं काय आहे

18 ऑगस्ट 2023 रोजी रिझर्व्ह बँकेने कर्जखात्यांवरच्या दंडाबद्दल एक परिपत्रक काढलं. नव्या कर्जांना ते 1 एप्रिल 2024 पासून लागू झालं आणि जुन्या कर्जांना पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी, पण 30 जून 2024 च्या आत लागू करायला बँकांना सांगितलं गेलं. शाखेत बोलताना त्यातले मुद्दे तुमच्या जिभेवर असायला हवेत.

त्याआधी बँका ‘पेनल इंटरेस्ट’ लावायच्या, म्हणजे व्याजाचा दरच वाढवायच्या. ते बंद झालं. अट मोडल्याबद्दल दंड घ्यायचा तर तो ‘दंडात्मक शुल्क’ म्हणून वेगळा घ्यायचा, व्याजदरात मिसळायचा नाही. आणि या शुल्कावर पुन्हा व्याज लावायचं नाही. ओडी खात्यात या दुसऱ्या मुद्द्यावर बारीक नजर ठेवावी लागते. बँकेने दंड त्याच खात्यात नावे टाकला, तर बाकी तेवढ्याने वाढते आणि पुढच्या महिन्याचं व्याज त्या वाढलेल्या बाकीवर निघतं. म्हणजे दंडावर व्याज लागलंच. दंडाची रक्कम व्याजाच्या हिशोबातून बाहेर ठेवली आहे का, हे बँकेला लेखी विचारा.

शुल्क वाजवी आणि झालेल्या चुकीला साजेसं असलं पाहिजे, असंही ते परिपत्रक सांगतं. एकाच प्रकारच्या कर्जात एका ग्राहकाला एक आणि दुसऱ्याला एक असा भेदभाव चालत नाही. व्यवसायासाठी नसलेलं कर्ज घेतलेल्या व्यक्तीला तशाच चुकीसाठी कंपन्यांपेक्षा जास्त दंड लावता येत नाही. शुल्क किती आणि कशासाठी, हे करारात आणि मुख्य अटींत स्पष्ट लिहिलेलं हवं आणि बँकेच्या वेबसाइटवरही दिसायला हवं. अट मोडल्याची आठवण करून देणारा संदेश पाठवताना त्यात लागू होणारं शुल्क सांगायला हवं, आणि शुल्क लावलं की कारणासह कळवायला हवं. तुम्हाला असा एकही संदेश आला नसेल तर तक्रारीत तो मुद्दा स्वतंत्र लिहा. हप्ता थकल्याच्या बाबतीत शुल्क फक्त थकलेल्या रकमेवरच लावायचं, हे रिझर्व्ह बँकेने जानेवारी 2024 च्या प्रश्नोत्तरांत स्पष्ट केलं आहे. वरच्या 94 पैसे आणि 825 रुपयांच्या वादात हा आधार फार उपयोगी पडतो.

जीएसटीही पाहा. नूतनीकरणाची फी वगैरे सेवाशुल्कावर 18 टक्के जीएसटी लागतो. पण कर्जाची अट मोडल्याबद्दलच्या दंडात्मक शुल्कावर जीएसटी लागत नाही, असं केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने जानेवारी 2025 मध्ये परिपत्रक काढून स्पष्ट केलं. दंडाच्या ओळीखाली जीएसटीची ओळ दिसली तर तीही परत मागा.

हे नियम व्यापारी बँकांप्रमाणेच नागरी सहकारी बँकांना आणि वित्त कंपन्यांनाही आहेत. क्रेडिट कार्ड मात्र यातून वगळलेलं आहे. आणि तुमचं कर्ज पतसंस्थेचं असेल तर हा रस्ता तुमचा नाही. पतसंस्था सहकार खात्याखाली येतात, त्यांची तक्रार निबंधक कार्यालयात करावी लागते.

शाखेत जाताना

आधी शाखाधिकाऱ्यांना भेटा आणि शांतपणे बोला. काउंटरवरच्या माणसाने तो चार्ज लावलेला नसतो, त्याच्यावर आवाज चढवून काही मिळत नाही. लहान रकमा परत करायचा अधिकार बहुतेक बँकांत शाखाधिकाऱ्यांना ठरावीक मर्यादेपर्यंत असतो. हिशोबाचा कागद समोर ठेवला तर पुष्कळदा काम तिथेच होतं.

चूक खरोखर तुमचीच असेल तर तसं सांगा आणि सवलत मागा. वर्षानुवर्षं खातं नीट चाललेलं असताना पहिल्याच वेळी लागलेला चार्ज विनंती केल्यावर परत मिळतो, असा माझा अनुभव आहे. पण सवलतीची विनंती आणि चुकीच्या आकारणीची तक्रार एका पत्रात मिसळू नका. ‘चूक झाली, माफ करा’ असं लिहून दिल्यावर ‘तुमचा हिशोब चुकला’ हे म्हणणं लंगडं पडतं.

तोंडी बोलण्याने काम झालं नाही तर त्याच दिवशी पत्र द्या. मी साधारण असं लिहितो:

मा. शाखाधिकारी,

विषय: ओडी खाते क्र. … मध्ये आकारलेल्या दंडात्मक शुल्काचा तपशील व परतावा मिळणेबाबत

महोदय,

माझ्या वरील खात्यात दि. … रोजी ‘…’ या नावाने रु. … नावे टाकले आहेत. हे शुल्क मंजुरीपत्राच्या अथवा कराराच्या कोणत्या कलमानुसार आकारले, मर्यादेपेक्षा किती रक्कम कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत जास्त होती, शुल्काचा दर काय आणि तो कोणत्या रकमेवर लावला, तसेच या शुल्कावर व्याज वा जीएसटी आकारला आहे काय, हे कृपया लेखी कळवावे. माझ्या हिशोबाप्रमाणे रु. … जादा आकारले गेले आहेत. हिशोबाचा तक्ता व स्टॉक स्टेटमेंटची पोच सोबत जोडली आहे. सदर रक्कम मूळ तारखेपासून धरून खात्यात जमा करावी ही विनंती.

दोन प्रती काढा आणि एकीवर शिक्का, सही, तारीख घ्या. पोच द्यायला कुणी टाळाटाळ केली तर तेच पत्र बँकेच्या तक्रार निवारण कक्षाच्या ईमेलवर पाठवा, म्हणजे तक्रार क्रमांक मिळेल. तो क्रमांक जपून ठेवा. पुढच्या पायरीवर पहिल्यांदा तोच विचारतात.

मोठ्या बँकांत एक अंतर्गत लोकपालही असतो, म्हणजे फेटाळल्या जाणाऱ्या तक्रारी पुन्हा तपासणारा बँकेनेच नेमलेला अधिकारी. बँक तुमची तक्रार पूर्ण किंवा काही अंशी फेटाळणार असेल, तर अंतिम उत्तर देण्याआधी ती स्वतःहून त्याच्याकडे पाठवणं बँकेवर बंधनकारक आहे. तुम्ही थेट तिथे जाऊ शकत नाही. पण आलेल्या नकारात अंतर्गत लोकपालाने प्रकरण पाहिल्याचा उल्लेख आहे का, हे जरूर बघा.

तीस दिवसांनंतर

बँकेने तक्रार फेटाळली, किंवा 30 दिवस होऊनही उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाचा दरवाजा उघडतो. 12 नोव्हेंबर 2021 पासून सगळ्या देशासाठी एकच एकात्मिक लोकपाल योजना आहे. त्यामुळे तुमचा विभाग कोणता, कार्यालय कुठलं, हे शोधत बसायची गरज उरलेली नाही. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या ‘सीएमएस’ पोर्टलवर ऑनलाइन करता येते. माहितीसाठी 14448 हा टोल-फ्री क्रमांक आहे. फी लागत नाही. वकीलही लागत नाही, उलट वकिलामार्फत केलेली तक्रार तिथे घेतच नाहीत. तुमच्या वतीने दुसरं कुणी बोलणार असेल तर त्याला अधिकारपत्र द्या.

तक्रार परत येण्याची कारणं ठरलेली असतात. बँकेकडे आधी लेखी तक्रार केलेली नसते, 30 दिवस व्हायच्या आधीच घाई केलेली असते, किंवा तोच विषय कोर्टात चालू असतो. आणखी एक कारण असं की तक्रार बँकेच्या व्यावसायिक निर्णयाविरुद्ध असते. ‘माझी लिमिट वाढवली नाही’ ही तक्रार लोकपाल घेणार नाहीत. ‘माझ्या करारात 2 टक्के जादा रकमेवर लिहिले असताना पूर्ण बाकीवर आकारले’ ही मात्र सेवेतल्या उणिवेची तक्रार आहे. म्हणून राग कितीही असला तरी तक्रारीत दर, रक्कम, तारखा आणि कलम एवढंच लिहा. बँकेचं उत्तर आल्यावर महिनोन्‌महिने थांबू नका, लोकपालाकडे जायलाही मुदत असते.

ग्राहक आयोगाचा पर्यायही आहे, पण व्यवसायाच्या ओडीसाठी मी तो सहसा सुचवत नाही. ग्राहक संरक्षण कायदा व्यापारी हेतूने घेतलेल्या सेवेला ग्राहकाचं संरक्षण देत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये एका शेअर दलालाच्या ओव्हरड्राफ्टच्या प्रकरणात हेच म्हटलं. स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वयंरोजगार करणाऱ्याला कायद्यात सूट आहे, पण आपण त्यात बसतो हे आधी सिद्ध करावं लागतं. घरगुती कारणासाठी एफडीवर किंवा पगारावर ओडी घेतला असेल तर ही अडचण येत नाही.

हे सगळं चालू असताना खात्याचं काय करायचं?

वाद चालू आहे म्हणून खात्यात पैसे भरणं थांबवू नका. हे मी पुन्हा पुन्हा सांगतो, कारण रागाच्या भरात लोक नेमकं तेच करतात. ओडी किंवा सीसी खात्यातली बाकी सलग 90 दिवस लिमिटच्या किंवा ड्रॉइंग पॉवरच्या वर राहिली, तर खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं. त्या काळात काहीच जमा झालं नाही, किंवा जमा झालेले पैसे व्याजालाही पुरले नाहीत, तरी तेच होतं. आठशे रुपयांच्या वादासाठी खात्यावर हा शिक्का बसू देणं परवडणारं नाही. रक्कम भरा आणि पत्रात लिहा की ‘आक्षेप कायम ठेवून भरणा करत आहे’.

पुढे असं होऊ नये म्हणून महिन्याचं व्याज बसेल एवढी जागा लिमिटमध्ये नेहमी मोकळी ठेवा. वरच्या उदाहरणात तीन हजारच मोकळे होते, हवे होते सुमारे पाच हजार. लिमिटची मुदत संपायच्या दोन महिने आधी नूतनीकरणाचे कागद द्या.

पैसे परत आले, आता?

परताव्याची नोंद दिसली की तक्रार बंद करायच्या आधी ती नीट वाचा. मूळ रकमेबरोबर जीएसटी परत आला आहे का, आणि रक्कम मूळ तारखेपासून धरली आहे का? आजच्या तारखेने जमा केली असेल, तर मधल्या महिन्यांत त्या दंडावर लागलेलं व्याज तुमच्याच खिशातून गेलेलं असतं, तेही मागा. दोन महिन्यांनी क्रेडिट रिपोर्टही, म्हणजे तुमच्या कर्जफेडीची नोंद, पाहा. चारही क्रेडिट माहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. खातं थकीत म्हणून दाखवलं असेल तर दुरुस्तीची तक्रार करा. 30 दिवसांत ती निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसासाठी 100 रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.